चोपन्न तास

परळ,
२९ जानेवारी १९५६

ती. राजारामदादांस,
कौसल्येचा सा. न. वि. वि.

तुमचं काळजीचं कार्ड मिळालं. मी धडधाकट आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवर गोळीबार झाला त्या आठवड्यात आमच्या चाळीस खाटांच्या वॉर्डात नव्वद जखमी होते. आजारी पडायला मला जागाच नव्हती. बाहेर संचारबंदी, बस बंद. घोडपदेव-वरळीकडच्या नर्सेस पोचू शकल्या नाहीत. आवारात राहणाऱ्यांनीच सगळं ओढलं.

त्यातली एक मालन. वय चोवीस, गावी म्हातारी आई, कमावणारी ही एकटी. मंगळवारी सकाळी सातला कामाला लागली ती गुरुवारी दुपारी एक वाजता सिरिंजा उकळत ठेवून तिथेच भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपली. पाणी आटलं, काचा तडकल्या. रोग्यांना काही झालं नाही, पण मेट्रनबाईंनी पाहिलं आणि चौकशी बसली. कामावर झोपल्याचा शेरा बसला तर तिला दुसरं कुठलंही इस्पितळ घेणार नाही.

चौकशी इस्पितळाचे मोठे साहेब करताहेत. त्या आठवड्यात ते बंगल्यातून फोनवर आम्हाला धीर देत होते. आता नर्सेसच्या मनावर ताण का येतो, याचा शोध लावून त्यांनी परिपत्रक काढलं आहे: प्रसन्न राहावे, दीर्घ श्वास घ्यावा, दूध प्यावे. शिवाय सेवाधर्मावर एका सद्गृहस्थांचं व्याख्यान ठेवलं, तेही आमच्या सुटीच्या वेळात. ते दीड तास बसून बोलले. खुर्च्या कमी पडल्यामुळे आम्ही उभ्या होतो.

साहेबांचं म्हणणं, हजेरीपटाप्रमाणे सगळ्या नर्सेस हजर होत्या आणि मालनला रोज आठच तास काम होतं; मग ही बाई दमली कशाने? पुढची बैठक अकरा तारखेला आहे.

राधावहिनींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

कौसल्या


कणकवली,
३ फेब्रुवारी १९५६

चि. कौसल्येस,
दादाचे अ. उ. आ.

तुझे साहेब थोरच. तुझी वहिनी म्हणते, त्या सायबाक एक दिस वॉर्डात उभो करा, दूध मी स्वता नेऊन पाजतंय.

पण बाई, तुझ्या पत्रात एक भलंमोठं भोक आहे. घोडपदेवच्या पोरी पोचल्या नाहीत म्हणतेस, आणि हजेरीपटात सगळ्या हजर! वॉर्डाचा हजेरीपट वॉर्डाची सिस्टर भरते, हे गणपतीला आली होतीस तेव्हा तूच ऐटीत सांगितलं होतंस. सिस्टर तूच ना? कॉलेजात जाऊन आलेली माणसं लपवतातसुद्धा किती नीटनेटकं! रोजनिशीत रोज स्वतःची झडती घेतेस म्हणे. त्या आठवड्याचं पान उघड आणि मला लिही.

रागाने लिहिलं आहे आणि लोभानेही. दोन्ही पोचल्याचं कळव.

राजाराम


परळ,
७ फेब्रुवारी १९५६

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही पोचलं. हजेरीपट मी भरला.

वरून हुकूम होता, त्या आठवड्यात जी येणार नाही ती हरताळात सामील धरून कमी करायची. तिघी आल्या नाहीत. दोघी संचारबंदीत अडकल्या. तिसरी शांता सरळ मोर्चात गेली आणि दुसऱ्या आठवड्यात येऊन मला तसं तोंडावर सांगितलं. मी तिघींपुढे हजर लिहिलं. त्यांच्या पाळ्या मालनला मीच तोंडी दिल्या होत्या. त्यांची कुठे नोंद नाही. रोजनिशीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवते: आज तीन संसार वाचवले, समाधान वाटलं. हे वाचून मला माझीच किळस आली. समाधान माझं, आणि चोपन्न तास मालनचे.

पहिल्या बैठकीत साहेबांनी मला विचारलं, ही मुलगी कशी आहे. मी म्हणाले, मेहनती आहे. वा रे माझा धीटपणा! मालनला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की झोप लागली. हजेरीपट खोटा आहे हे तिला ठाऊक आहे. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खरं बोलले तर तिघी जातात, गप्प राहिले तर मालन. तिसरी वाट म्हणजे मी, आणि ती मला वीस दिवस कशी दिसली नाही, याचं उत्तर मला नको तितकं स्पष्ट माहीत आहे. तुम्ही काही सुचवू नका. सुचवलंत तर मी तुमच्या आड लपेन.

तुमची माया अकरा तारखेपर्यंत तरी असू द्या.

कौसल्या


परळ,
१३ फेब्रुवारी १९५६

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी सांगितलं. त्या आठवड्याचा हजेरीपट खोटा आहे, तो मी लिहिला, मालन चोपन्न तास उभी होती, तिला उभी मी केली. कोण आलं नव्हतं ते सांगणार नाही म्हणाले. साहेबांनी तीनदा विचारलं, मग दीर्घ श्वास घेतला. परिपत्रकाचा तेवढा तरी उपयोग झाला.

मालनची ताकीद देऊन सुटका झाली. माझ्याकडून वॉर्ड काढून घेतला; उद्यापासून बाहेरच्या रोग्यांच्या मलमपट्टीला बसायचं, ज्या पोरींना मी शिकवलं त्यांच्या हाताखाली. अहवालात नर्सेसवरच्या ताणाचं कारणही सापडलं आहे: सिस्टर कौसल्या यांची नोंदीतील अनियमितता. नव्वद जखमींचा उल्लेख नाही. खाटा चाळीसच राहणार आहेत.

संध्याकाळी मालन खोलीवर आली. आभार मानायला आली असेल असं मला वाटलं, आणि मी नको-नको म्हणायची तयारीही केली होती. इतकी मी अजून कोडगी आहे. ती बसली नाही. म्हणाली, आपण तोंड मिटलं ते शांतासाठी आणि त्या दोघींसाठी, सिस्टरबाईंसाठी नव्हे. त्या मोर्चात जायला आपल्यालाही आवडलं असतं. पुन्हा कधी अशी वेळ आली आणि सिस्टरबाईंना उदार व्हावंसं वाटलं, तर आधी आम्हाला विचारा. आम्ही कदाचित हो म्हणू.

मी मान हलवली. ती पाळीवर गेली.

तुमचा आणि वहिनींचा लोभ मागायला आज जीभ रेटत नाही. उरला असेल तेवढा पाठवा.

कौसल्या