पहिली पंगत

प्रिय आत्या,

आज तुझी तेरवी, आणि मी रोहण्याला तुझ्या घरात, तुझ्याच बाजेवर बसून लिहिते आहे. अंगणात चुली पेटल्यात. मघाशी तुझा थोरला विनायक सगळ्यांना सांगत होता, "आधी माणसं बसतीन, मंग बाया." ऐकलंस? तुझ्या तेरवीला! असा संताप आला की म्हटलं, त्याच्याशी भांडायच्या आधी तुलाच गाठावं.

बोरगावात आमच्या महिला मंडळात बाहेरगावच्या बाई येऊन स्त्रीमुक्तीवर बोलतात. छान बोलतात. पण तो शब्द कानावर पडला की मला दिसतेस तू, पत्रावळीपुढे मांडी ठोकून बसलेली.

आठवतं ना? आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तळेगावला माझं लग्न होतं. लग्न गोरजमुहूर्तावर, त्याआधी दुपारची जेवणं. पहिल्या पंगतीला मुलाकडची पुरुषमंडळी बसली. रीतच होती ती. बायकांनी शेवटी बसायचं, उरेल ते खायचं. शांतावहिनी पोटुशी, पहाटेपासून पुऱ्या लाटून तिला घेरी यायला लागली होती. तू तिला हाताला धरून उठवलंस, थेट त्या पंगतीत नेऊन बसवलंस आणि शेजारी स्वतः बसलीस!

नवरदेवाचे मामा कडाडले, "बाया उठवा, नाई तर आमी उठतो! लग्न गेलं खड्ड्यात!"

माझ्या दादांनी, तुझ्या सख्ख्या भावानं, तुझ्यापुढे हात जोडले. "बाई, पोरीचं लग्न मोडून राह्यलं. ऊठ ना वं."

"इच्या पोटात लेकरू हाये. इचं जेवण झाल्याबिगर मी उठत नाई. वाढा!"

अगं बाई! हळदीच्या अंगानं मी दाराआड उभी. माझंच लग्न सापडलं का गं तुला? रागही आला तुझा, खोटं कशाला सांगू? पण तुझ्यावरून नजर हटेना. एवढ्या माणसांत तू एकटी, आणि जणू फक्त वाढायचंच राहिलंय अशी निवांत बसलेली!

तेवढ्यात माझ्या होणाऱ्या सासूबाई उठून आल्या. वाटलं, संपलं सगळं. त्या वहिनीच्या दुसऱ्या बाजूला टेकल्या नि म्हणाल्या, "मले बी भूक लागली. वाढा." मामांनी पत्रावळ पुढे ओढली! नवरदेवाच्या आईला कोण उठवणार?

लग्नाच्या मांडवात गरम पुरी आपण त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली, असं सासूबाईंनी मला पुढे सांगितलं. सांगताना रडल्या.

हे बळ तुझ्यात आलं कुठून, आत्या? शाळा पाहिली नव्हतीस, भाषण ऐकलं नव्हतंस. विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तर म्हणाली असतीस, "तिले भूक लागली होती. अजून काय?"

बाहेर पत्रावळी मांडायला लागले बघ. तुझी धाकटी सून पहाटेपासून चुलीपाशी आहे, अजून पाण्याचा घोट घेतला नाही तिनं. मी आता जाऊन तिला पहिल्या पंगतीत बसवते, शेजारी मी बसते. विनायक काय गुरकावायचं ते गुरकावो. तिचं जेवण झाल्याशिवाय मी उठणार नाही. आणि वाढायला त्यालाच लावीन, तुझी शपथ!

तुझी भाची,
कुसुम