दोनच दिवस

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

मालेगावच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहून सांगितलं, गर्भपिशवीत गाठ आहे, लिंबाएवढी. बहुतेक साधीच, म्हणाल्या. मग विचारलं, "पाळी किती दिवस असते?"

मी म्हटलं, "दोनच दिवस."

दोनच दिवस! काहून म्हटलं मी असं? बाजूच्या खुर्चीवर भासरे बसले होते, यांचे मोठे भाऊ. मेथी बाजारात टाकून मले गाडीवर घेऊन आलेले. ज्यांच्यासमोर पंचवीस वर्षं डोक्यावरचा पदर ढळू देला नाही, त्यांच्यासमोर कसं सांगू, की दहा-दहा दिवस अंगावरून जाते, गुठळ्या पडतात, शेतात तण निंदायले बसली की उठाची भीती वाटते?

बाई म्हणाल्या, "मग घाई नको. पाळी कायमची गेली की अशा गाठी बहुधा आकसतात. सध्या वाट पाहू."

घरी येऊन भासरे आपल्या भावाले म्हणाले, "काही नाही रे, वाट पाहाची फक्त." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाच नाही.

उद्या एसटीनं एकटीच जातो. बाईंनी थांबायले सांगितलं ते दोन दिवसवालीले. दहा दिवसवाली अजून दवाखान्यात गेलीच नाही.