पाच गोधड्या आणि एक दिवाण

बुऱ्हाणपूर, ८ मार्च, रविवार

थंडी सरली. पाच गोधड्या ठेवायच्या कुठे? दोन खोल्या, एकच कपाट. हे म्हणाले, "भांडेवालीला देऊन टाक, एखादं पातेलं तरी येईल." माझ्या आईच्या हिरव्या लुगड्याची गोधडी देऊन पातेलं घ्यायचं? नाही देणार म्हणजे नाही.

दुपारी पाचही गोधड्या दिवाणाच्या गादीवर अंथरल्या. हिरवी सगळ्यात वर. दिवाण इतका उंच झाला की सासूबाईंचे पाय खाली टेकेनात. त्या चिडतील, असंच वाटलं होतं. पण तेवढ्या उंचीवरून त्यांना खिडकीतून गल्ली दिसायला लागली. संध्याकाळी गल्लीत भांडेवाली आली. हिरव्या गोधडीवर बसूनच त्यांनी तिला सांगितलं, "आगे जा बाई, आमच्याकडे पुराना काही नाही."