बत्तीच निघाली

बाबा, तुमच्या बत्तीचा निकाल लागला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, आणि तोही माझ्याच हातून. आई म्हणाली, लिहून टाक त्यायले, म्हणून लिहायला बसले आहे. मनापासून बसलेले नाही, हे आधीच सांगते. मला तुमचा राग आहे. आई सकाळी तुमचा फोटो पुसायला घेते तेव्हा मी काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत जाते. तिला ते कळतं, पण ती विचारत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. आता भंडाऱ्याच्या बाहेर, हमरस्त्याला लागून असलेल्या एका लॅबमध्ये आहे. परदेशी जाणारा तांदूळ, शेतातली माती, विहिरीचं पाणी असलं काय काय आमच्याकडे येतं आणि त्यात किरणोत्सर्गी काही आहे का, ते आम्ही तपासतो. शिशाच्या जाड पेटीत नमुना ठेवायचा, झाकण सरकवायचं आणि वाट बघत बसायचं. पडद्यावर हळूहळू आलेखाची शिखरं उभी राहतात. प्रत्येक पदार्थाचं शिखर त्याच्या ठरलेल्या जागीच येतं, इकडचं तिकडे होत नाही. कोणतं शिखर कोणाचं, आणि तो पदार्थ किती, एवढं सांगून खाली सही करायची. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एवढं शिकून तांदूळच पाहून राहिली का वं?" हो, तांदूळच. पण त्या सहीत आजवर कोणाला शिरता आलेलं नाही. 'आकडा थोडा खाली करा ना मॅडम' म्हणत आलेले व्यापारी चहा पिऊन परत गेले आहेत.

तुमची बत्ती मला अजून दिसते. आंधळगावच्या घराचं अंगण, तुम्ही उकिडवे बसलेले, पुढ्यात मंडपवाल्याची गॅसबत्ती. लग्न असो, दंडारीचा रातभरचा खेळ असो, कुठे उजेड न्यायचा तर तुम्ही लागायचे. तुम्ही पाकिटातून नवी जाळी काढता, मऊ, मोज्यासारखी, तोंडाला दोऱ्याने आवळून बांधता आणि काडी लावता. जाळी जळते, आकसते, आणि मग तिची नुसती पांढरी राख टांगलेली राहते, जाळीच्याच आकाराची. मी बोट पुढे करते. "जाळीले हात नोको लावू. जळली का तिच्यात जीव राहात नाई." जुनी फुटलेली राख तुम्ही तोंडाने फुंकून टाकता, फू करून, आणि ती तुमच्याच मिशीवर येऊन बसते. मग पंप. मग सूं सूं आवाज, आणि भिंतीवर आपल्या तिघांच्या सावल्या. लग्नसराई नसली की तुम्ही ती घरी लावायचे. आई म्हणायची, रॉकेल कायले जाळता? तुम्ही म्हणायचे, "पंप धरते का नाई, पाहून राहिलो." पंप नेहमीच धरायचा. माझी परीक्षा जवळ आली की तुमची ही पाहणी रोज चाले, एवढं मला तेव्हाही कळत होतं. त्या उजेडात मी पुस्तक घेऊन बसायचे, आणि आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. तेंदूचं पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा मारायचा. वाकडी झालेली बिडी कारखान्यात पास होत नसे. ती आई बाजूला ठेवायची, तुमच्यासाठी. तुम्ही हात लांब करायचे आणि ती न बघता हातावर ठेवायची. दोघांचं एवढं एकच लाडाचं काम मी पाहिलं.

म्हणूनच ते जास्त लागलं. नागपूरहून तुम्हाला परत आणलं तो दिवस. फुप्फुसात गाठ आहे, आता घरीच न्या, असं सांगून पाठवलेलं. स्वयंपाकघराच्या दारात तुम्हाला बसवलंय, आत्या आली आहे, शेजारच्या दोघीतिघी आल्या आहेत. आई तुमच्यासाठी पेज ओतून राहिली आहे. आत्या विचारते, काय म्हणे डॉक्टर? आणि तुम्ही, ज्यांनी जन्मात कधी आईला उणा शब्द बोलला नव्हता, तुम्ही म्हणता, "डॉक्टर म्हणते बिडीनं झालं. हिनंच मारलं मले. हिच्या बिड्यायनं." आईचा हात वाटीवर थांबला. मग तिने उरलेली पेज ओतली, मीठ घातलं आणि वाटी तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही ती प्यायलात. मी तिथेच उभी होते, बाबा. तुम्ही घाबरले होते, मरणाला घाबरलेला माणूस काहीही बोलतो, हे सगळं मला आता कळतं. पण तुम्ही ते नंतर मागे घेतलं नाही. तुमच्याकडे आख्खा उन्हाळा होता.

तुम्ही गेलात, वाक्य राहिलं. आत्याने ते गावभर नेलं. आई ओसरीवर बसून बिड्या वळायची ती दारामागे बसू लागली. सोडून देणं शक्य नव्हतं, माझं कॉलेज त्याच बिड्यांवर चालायचं. आज ती माझ्याकडे राहते, बिड्या सुटून जमाना झाला, तरी रस्त्यात कोणी बिडी पेटवली की ती पदर नाकाला न लावता तोंडावर घेते. कोणी ओळखेल असं वाटत असावं. असं घर तुम्ही मागे ठेवून गेलात, आणि फोटोत मात्र हसताय.

नागपूरला एम.एस्सी. करताना एक दिवस सरांनी टेबलावर गॅसबत्तीची जाळी ठेवली आणि मोजयंत्र जवळ नेलं. यंत्र कडकड वाजायला लागलं. यात थोरियम असतं, किरणोत्सर्गी, सर म्हणाले, जुन्या जाळ्यांत हमखास. वर्गातली पोरं हसत होती, कारण सगळ्यांच्या घरच्या लग्नात ती बत्ती जळलेली. मी हसले नाही. मला तुमची फू आठवली. त्या आठवड्यात घरी जाऊन आईला सांगितलं, की बाबा आयुष्यभर ती राख फुंकत होते, तिच्यात हे असं असतं, त्यानेही गाठ होऊ शकते. आईने मला नीट दोनदा सांगायला लावलं. मग ट्रंकेतून तुमचा डबा काढून दिला. पत्र्याचा, गोल, आत उरलेल्या जाळ्या, राखेचा चुरा आणि पिन. "मंग तपास नं कधी तरी," ती म्हणाली. तेवढंच.

मी तपासला नाही. खरं सांगायचं तर तपासून बघितलं ते एवढंच, की थोरियम आहे. किती आहे ते काढलं नाही. त्याला कारणही होतं, आणि ते खोटं नव्हतं. आमचं यंत्र ठरलेल्या भांड्यातलंच नीट मोजायचं. ज्या आकाराचा नमुना, त्याच आकाराचा माहितीतला नमुना आधी मोजून ठेवलेला पाहिजे, नाहीतर शिखर दिसतं पण त्यावरून आकडा काढता येत नाही. तुमच्या चेपलेल्या डब्यासारखा डबा जगात कुठून आणणार? आईने विचारलं की मी म्हणायचे, आकार जुळत नाही गं. तिला ते पटायचं. मलाही बरं वाटायचं. जोवर मोजलं नव्हतं तोवर बत्ती गुन्हेगार होती आणि आई सुटलेली होती.

मागच्या महिन्यात आमच्याकडे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. शिकवायला पुण्याहून एक तरुण मुलगा आला होता, मोठा उत्साही. त्याने एकेक नवी गोष्ट दाखवली. आता शिखरं आपोआप ओळखली जातात, आणि तो पदार्थ सहसा कशात सापडतो तेही शेजारी लिहून येतं. निकालात काही बदललं तर लगेच एक चौकट उघडते, कारण लिहा म्हणते. जुना आकडा, नवा आकडा, बदलणाऱ्याचं नाव, सगळं कायम राहतं, साहेबालाही पुसता येत नाही. हे ऐकून मी मान डोलावली, मला असलं आवडतं. मग तो म्हणाला, "आणि मॅडम, ही खरी गंमत. आता भांडं ठरलेलं असायची गरजच नाही. नमुन्याचा आकार पडद्यावर काढा, भिंतीची जाडी टाका, आत काय भरलंय ते सांगा. बाकी हिशोब ते करतं. एखादा वेडावाकडा नमुना आहे का तुमच्याकडे, आजवर मोजता न आलेला?"

सगळे इकडेतिकडे बघू लागले. मी माझ्या खणातून डबा काढून दिला. का दिला, विचारू नका. एवढी वर्षं आकार जुळत नाही म्हणून सांगत आलेली बाई मी, आता काय सांगणार होते? त्याने पट्टीने डबा मोजला, पोचासकट चित्र काढलं, पेटीत ठेवला. दुपारी जेवून आलो तर शिखरं उभी होती. थोरियमचं सगळं घराणं, ओळीने, स्वच्छ. "काय सुंदर आलंय," तो मुलगा म्हणाला. शेजारच्या रकान्यात सॉफ्टवेअरने स्वतःहून लिहिलं होतं, संभाव्य वस्तू: गॅसबत्तीची जाळी. परदेशात कुठेतरी बसून कोणी केलेल्या त्या गोष्टीने तुमचा धंदा ओळखला, बाबा. मला त्या क्षणी उगाच अभिमान वाटला, आणि लगेच त्याचा राग आला.

मग आकडा आला. त्यावरून पुढचं मी स्वतः काढलं. किती जाळ्या तुम्ही बांधल्या असतील, किती राख फुंकताना आत गेली असेल. जास्तीत जास्त धरता येतं तेवढं धरलं, आणि वर आणखी धरलं. डबा फिरवून पुन्हा मोजला. मी आकडा मोठा यावा म्हणून झटत होते, असं आयुष्यात पहिल्यांदा केलं. नाही आला. एका माणसाला नेमकं कशाने झालं हे कोणतंच यंत्र सांगत नाही, हे मी रोज लोकांना समजावते. पण दिवसभर एकीवर एक पेटवलेल्या बिड्यांसमोर तो आकडा काहीच नव्हता. बत्ती सुटली.

घरी आले तर आई लाखोळीची भाजी निवडत बसली होती. डबा मोजायला ठेवल्याचं दुपारी फोनवरच मी बोलून बसले होते, मूर्खासारखी. तिने वर न बघता विचारलं, "काय निघालं?"

"बत्तीच निघाली, आई."

हात थांबला. "पक्कं?"

"मशीनवर आलं."

तिने निवडलेली पानं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "मी तं वाकड्याच देत होती त्यायले. चांगल्या कारखान्याच्या होत्या." हे तिने आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं. "कोणी सांगाले पायजे होतं त्यायले. ते तं तसेच गेले." आणि परत भाजीला हात घालत, "तू लिहिते नं सारं. लिहून टाक." मी म्हटलं, कोणाले? ती म्हणाली, "त्यायले. आणखी कोणाले?" संध्याकाळी ती समोरच्या ओट्यावर जाऊन बसली. शेजारणीला सांगत होती, आवाज न उतरवता, आमचे मालक बत्तीच्या राखेनं गेले म्हणून.

तर आईला मी खोटं सांगितलं, आणि लॅबमधला निकाल तसाच आहे, कोणाला पुसता येणार नाही. तुम्हाला मात्र खरं कळवते. बत्तीने नाही. आईनेही नाही. तिने वळल्या, ओढल्या तुम्ही. ती पोटासाठी वळत होती. ओढायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तिने हातावर ठेवली ती तुम्ही हात लांब केला म्हणून. एवढी साधी गोष्ट त्या दिवशी दारात बसून तुम्हाला बोलता आली असती, तर मला हे खोटं बोलावं लागलं नसतं.

इथवर लिहून झालं होतं आणि आई येऊन मागे उभी राहिली. "लिहिलं का?" म्हटलं, हो. तिला वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ती खाटेवर बसली, पदर सारखा केला. "वाच नं."

मी हाच कागद हातात धरला आणि यात नाही ते वाचलं. बाबा, तुमच्या बत्तीचा निकाल लागला. दोष बत्तीचा होता. आईचा काही दोष नव्हता, तुम्ही बोललात ते परत घ्या. आई मान हलवत होती, बरोबर लिहिलं म्हणून. मग एक वाक्य आपोआप आलं, की मला तुमची आठवण येते, परीक्षा आल्यावर तुम्ही बत्ती लावायचे त्याची. तिने डोळे पुसले आणि चहा ठेवायला गेली.

हे कुठे टाकायचं नाही, डब्यातच ठेवणार आहे. पण तुम्हाला सांगून ठेवते. त्या वाचण्यात मी आईशी कुठे खोटं बोलले, ते मला ठाऊक आहे. त्या शेवटच्या, आठवणीच्या वाक्याचं तेवढं मला सांगता येत नाही.