पाराखालचं खोड

१५ सप्टेंबर
कॉलेजमधून आले तेव्हा डोकं भणभणत होतं. गेटशी शेजारचे भोयर काका उभेच. "मॅडम, तुमच्या निंबाचे शेंडे वायून राह्यले. पाह्यलं काय?"

पाहिलं. बॉटनी शिकवते म्हणून अख्ख्या कॉलनीतल्या झाडांची मी फुकट डॉक्टर. कोणाच्या जास्वंदीवर पांढरा कापूस, कोणाच्या आंब्याच्या खोडातून भुसा. सगळे पेशंट माझ्या जेवणाच्या वेळेला.

शेंड्यांचं विशेष नाही. पावसाळा सरत आला की वर्ध्यातले कितीतरी कडुनिंब असेच तपकिरी होतात. ढेकणासारखा एक बारीक किडा कोवळ्या फांद्यांचा रस पितो, मागून बुरशी शिरते. फाल्गुनात झाड पुन्हा फुटतं. काकांना तेच सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. "फवारणी तं करा."
बघू.

२१ सप्टेंबर
रविवार गेला. माणूस लावून वाळके शेंडे काढले. हिरवं लाकूड लागेपर्यंत कापायचं, दर फांदीनंतर कोयता स्पिरिटने पुसायचा, कापलेलं सगळं जाळायचं. तो पुसायला कंटाळत होता, मी सांगायला.

आई पारावर बसून पहारा देत होत्या. माझ्या सासूबाई. झाड ह्यांनी घर बांधलं तेव्हा लावलेलं. हे गेल्यावर वर्षश्राद्धाला आईंनी त्याच्याभोवती पार बांधून घेतला. कमरेएवढ्या विटा, आत माती, वर फरशी थेट खोडाला चिकटून. मधे ह्यांच्या नावाचा दगड. सकाळी बादलीभर पाणी टाकून पार धुवायचा, संध्याकाळी दिवा लावायचा. एकही दिवस चुकला नाही त्यांचा.

"लय कापू नको म्हणा त्याले," एवढंच म्हणाल्या.

२ ऑक्टोबर
सुट्टी. पार झाडताना फरशी आणि खोडाच्या सांध्यात काहीतरी दिसलं. तळहाताएवढी, कडक, व्हार्निश मारल्यासारखी तपकिरी अळंबी. कड पांढरी. शेजारची साल बोटाने दाबली. बोट आत गेलं.

तिथेच बसले. शेंडे गेले तर फुटतात, बुडाचं तसं नसतं. खोड जिथे जमिनीत शिरतं ती जागा उघडी आणि कोरडी हवी, हे मी दरवर्षी पोरांना सांगते. आणि घरच्या झाडाला कमरेपर्यंत ओली माती. पार बांधला तेव्हा मी आतल्या खोलीत पडून असायचे. बाहेर काय चाललंय ते बघायची ताकद नव्हती.

पार फोडावा लागणार. हे आईंना कोण सांगणार, मीच.

५ ऑक्टोबर
सांगितलं. शांतपणे, चहा झाल्यावर.
"पार फोडाचा असंन तं पयले मले घाटावर नेऊन टाक."
मग रात्री जेवल्या नाहीत.

६ ऑक्टोबर
बोलत नाहीत. सकाळी रोजच्यापेक्षा जास्त पाणी टाकून पार धुतला. मी खिडकीतून बघत राहिले. कॉलेजला उशीर.

१९ ऑक्टोबर
कॉलनीची सभाच भरली झाडाखाली. एक म्हणे चुना-गेरू लावा, दुसरा म्हणे बुडात फिनेल ओता. भोयर काका पाठीवर पंप घेतलेला फवारणीवालाच घेऊन आले. आई खूश. बऱ्याच दिवसांनी हसल्या. त्याला दोनदा चहा.

औषध शेंड्यांवर, रोग बुडाला. मी अडवलं नाही. भांडायला अंगात जोर लागतो. पेपर तपासायचे पडलेत ते वेगळेच.

१२ नोव्हेंबर
वारा फार नव्हता, तरी एक मोठी फांदी पडली. वाळकी नव्हे, चांगली हिरवी. विजेच्या तारेला घासून रस्त्यावर. कोणी खाली नव्हतं म्हणून बरं. रोज दुपारी तिथे ऑटो उभे असतात.

तारा बघायला आलेला माणूस झाडाला फेरी मारून म्हणाला, "मॅडम, हे झुकून राह्यलं. पावसाळ्याच्या आत काही केलं नाई तं पाडाच लागंन."
आई दारात उभ्या होत्या. ऐकलं त्यांनी.

३० नोव्हेंबर
संध्याकाळी दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. टीव्ही बंद. आई मान खाली घालूनच म्हणाल्या, "तू म्हणतं तसंच असंन. वरून औषध मारून काही फायदा नाई झाला."

मी पुढची शेंग उचलली.

"त्याच्या बी पोटात दुखे तं आपण गॅसच्या गोळ्याच देत राह्यलो."

हे गेल्यापासूनच्या पाच वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. मी मनात रोज म्हणते. त्यांच्याही मनात असेल असं मला कधी वाटलं नाही. का वाटलं नाही, देव जाणे. आई आहेत त्या.

मग म्हणाल्या, "फोड. दगड मातर मी काढीन."

७ डिसेंबर
पार फोडला. दोन माणसं, सब्बल, फावडं. आधी आईंनी दगडाभोवतीचा चुना स्वतः खुरप्याने उकरला. मला हात लावू दिला नाही. दगड पदराने पुसला, आत नेला, आपल्या खाटेजवळ ठेवला. मग दिवसभर बाहेर आल्या नाहीत. सब्बलीचा प्रत्येक घाव आत ऐकू जात असणार.

आतली माती इतकी ओली की पिळावी. भरलेल्या मातीत झाडाने नवी मुळं सोडलेली, खोडालाच वेढे घालून. घराकडची बाजू काळी, मऊ, आंबूस वासाची. रस्त्याकडची ठोकून पाहिली, लाकूड भरीव वाजतं. सडलेलं कडक लाकूड लागेपर्यंत खरवडलं आणि उघडं ठेवलं. भोयर काका सिमेंट भरा म्हणून मागे लागले. "पोकळी राह्यली तं कीड नाई लागंन काय?" सिमेंटने आत ओल कोंडते, सड थांबत नाही, हे तीनदा सांगितलं. तारेकडच्या फांद्या हलक्या केल्या, म्हणजे भार कमी. बुडाशी पाणी साचू नये म्हणून माती उतरती.

पाठ गेली कामातून.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून आले. कॉलनीतले सगळे कडुनिंब पानं गाळतायत. आपलाही. हे नेहमीचं गाळणं की शेवटचं, सांगता येत नाही. आई रोज सकाळी रिकामी बादली घेऊन दारापर्यंत जातात आणि परत येतात. दिवा आता खाटेजवळच्या दगडापुढे.

१६ मार्च
रस्त्यावरचे कडुनिंब तांबूस पालवीने भरलेत. आपल्या झाडाला रस्त्याच्या बाजूला थोडी फूट. घराकडच्या बाजूला काही नाही. नखाने साल खरवडली. एका फांदीत हिरवी रेघ, दुसरी आतून कोरडी. मधल्या जाड फांदीचं कळत नाही. एकदा हिरवट वाटली, एकदा...

संध्याकाळी आई झाडाच्या बुडाशी आल्या. पार फोडल्यापासून पहिल्यांदा. गुडघे धरत मातीत बसल्या, काळ्या पडलेल्या खोडावर हात ठेवला. बराच वेळ तो काढला नाही.

"हे पाण्यानं झालं ना? म्या रोज टाकलं ते?"

"नाही आई. शेंडेमर सगळ्याच निंबांना होते."

त्यांनी रस्त्यावरच्या झाडांकडे पाहिलं. "तू कॉलेजात शिकवतं. खरं सांगजो."

"थोडं जास्त झालं पाणी. मातीही जास्त झाली."

मान हलवली त्यांनी. रडल्या नाहीत. मला वाटलं, झालं, आता उठतील. हात द्यायला मी वाकले.

"आन् त्याले? त्याले काय जास्त झालं होतं?"

त्यांच्या शेजारी मातीत बसले. दोघींनाही उठवेना. अंधार पडेपर्यंत तिथेच होतो.

मधल्या फांदीचं उद्या उजेडात पुन्हा बघायचं.