निवांत पाण्यातले सुकाणू

माझगाव, ता. ८ जानेवारी १९३४

ती. विश्रामदादांच्या चरणी धाकटा भाऊ लवू याचा शि. सा. न. वि. वि.

बोट चालवणाऱ्या सारंगाच्या परीक्षेत मी नापास झालो. साहेबाने होकायंत्र विचारले, धुक्यातले भोंगे विचारले, दोन आगबोटी समोरासमोर आल्या तर कोणी कोठे वळावे तेही विचारले. घामाघूम झालो, पण सगळे बरोबर सांगितले. मग कागद मिटता मिटता त्याने सहज विचारले, बोटीचा तांबडा दिवा कोणत्या अंगाला? मी उजव्या म्हणालो. दादा, हे तर तुमच्या लेकीला, राहीलाही येते.

खोलीतला सदू विचारतो, जेवायचा हात तरी आठवतो ना. महिनाअखेर पुन्हा बोलावले आहे. तेव्हाही चुकलो तर सारंगाची जागा दुसऱ्याला जाईल आणि मी जन्मभर खलाशीच. म्हणून कामावरून आलो की पाठांतरच करतो. पण जितके वाचावे तितके निसटते. काल चहात मीठ घातले, ते अर्धा पेला पोटात गेल्यावर कळले. माझ्या बायकोला, सगुणेला, यातले काही कळू देऊ नये.

कृपादृष्टी आहे तशी राहावी.


जयगड, माघ शुद्ध पंचमी

चि. लवूस अ. उ. आ.

तुझे पत्र सगुणेनेच टपालवाल्याकडून घेतले आणि राहीकडून वाचवून घेतले, तेव्हा लपवायचे काही उरले नाही. तिचे म्हणणे, मिठाचा चहा पिणाऱ्याने यापुढे तिच्या आमटीला नावे ठेवू नयेत.

तुझी विद्या कमी नाही. बाबांची रीत आठव. मचवा खाडीच्या मुखातल्या वाळूच्या दांड्यावरून आत आणला, की किल्ल्याखालच्या निवांत पाण्यात ते सुकाणू दुसऱ्याच्या हाती देत आणि डोलकाठीशी बसून खोबरे चघळीत. ते संपेपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही. आपल्याला वाटे, हा तांडेलाचा मान. आता पन्नाशीला आलो तेव्हा कळते, की कठीण पाण्यात मन सगळे खर्ची पडते, मग सोपे पाणीही झेपत नाही. गेल्या दिवाळीत शेजारच्या भिवाने दांडा सुरेख ओलांडला, पण हौसेने सुकाणू सोडले नाही आणि आपल्याच धक्क्यावर मचव्याचे नाक आपटले. वर म्हणतो, धक्काच पुढे आला.

तेव्हा आदल्या दिवशी पुस्तक उघडू नकोस. समुद्राकडे बघत बस. आणि अवघड प्रश्न संपले की घटकाभर सुकाणू आपल्या देवाच्या, कऱ्हाटेश्वराच्या हाती दे. सगुणेने सुके खोबरे धाडले आहे.

आम्हा सर्वांचा जीव तुझ्यापाशी आहे, हे ध्यानी असावे.


माझगाव, ता. ६ फेब्रुवारी १९३४

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

पास झालो!

अवघड प्रश्न संपले तसे खिशातले खोबरे तोंडात टाकले. तेवढ्यात साहेबाने विचारलेच, तांबडा दिवा? उत्तर जिभेवर होते, पण खोबरे आडवे आले. हात जोडून थांबा अशी खूण केली आणि चावत राहिलो. साहेब आधी रागावला, मग हसू लागला. कारकुनाला म्हणाला, याचे जेवण होऊ द्या. चावता चावता किल्ल्याखालचे पाणी डोळ्यांपुढे आले. गिळले आणि सांगितले, डाव्या. दादा, जिभेवर आधी आले होते ते उजव्याच होते.

बाबांचे, तुमचे आणि सगुणेच्या खोबऱ्याचे उपकार कसे फेडू? शिमग्याला येतो. माया अशीच ठेवावी.


जयगड, महाशिवरात्र

चि. लवूस अ. उ. आ.

तुझे पत्र आले तेव्हा मी देवळातून येऊन पायरीवर बसलो होतो. तुझे नाव देवापुढे घेतल्याखेरीज महिन्यात एक दिवस गेला नव्हता. तिथेच पाकीट फोडले. पास एवढा शब्द वाचला, आणि पुढची सोपी अक्षरे काही केल्या लागेनात. मग पत्र राहीच्या हाती दिले आणि सगुणेकडून खोबऱ्याचा तुकडा मागून घेतला.

तो संपेपर्यंत माझ्याशी कोणी बोलले नाही.

देवाने भरभरून दिले. सुखरूप घरी ये.

तुझा दादा