घसरायला औलीला

॥ श्री मन्मथ स्वामी प्रसन्न ॥

चौसाळा,
२६ जानेवारी

चि. केदारनाथ यास,

शांताअक्काचा आशीर्वाद. इकडं आम्ही बरे आहोत. तूही बराच असणार, कारण बरा नसलास की तुला चौसाळा आठवतं.

काल तुझा फोन आला तवा मी दुकानात गिऱ्हाईक करत होते. बर्फ पडलाय, पुढच्या आठवड्यात कावेरीला औलीला नेतो, स्कीइंग शिकवतो, तिची तयारी कर, एवढं बोललास आणि मीटिंग आली म्हणून ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्राला मीटिंग आहे म्हणता येत न्हाई. बिभीषण पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर हाय, त्याच्या हातात देते.

आधी मला हे सांग, पायाला फळ्या बांधून डोंगरावरून घसरायचं, खाली आलं की परत वर जायचं, अन् परत घसरायचं, यात कमाई काय? तुझे दाजी म्हणाले, घसरायचंच तर मांजरसुंब्याचा घाट काय वाईट हाय, तिथं ट्रक फुकट घसरतात. मी हसले न्हाई. मला हसू येत न्हाई तुझ्या नावानं.

उज्ज्वला गेली अन् कावेरी आईविना झाली, तवा तुझी पोर बारा वर्षांची होती. वर्षभर सांभाळ म्हणालास. तिसरं वर्ष सरत आलं. तेवढ्यात तू दर हिवाळ्यात बर्फात जाऊन आलास, पण चौसाळ्याचा रस्ता तुला सापडला न्हाई. दिवाळीत कोकणात नेतो म्हणालतास. पोर बॅग भरून ओट्यावर बसली अन् तुझा फोन आला. मे महिन्यात तीच गत. दोन्ही वेळेला तिनं बॅग उघडून कपडे जसेच्या तसे कपाटात ठेवले. मलाच रडू आलं.

या वेळी मी तिला काही सांगितलेलं न्हाई. आधी तू येतोस का ते कळव, मग बघू.

लोभ माझ्याकडून हायच, तुझ्याकडून दिसला तर बरं.

तुझी अक्का,
शांतादेवी

*

पुणे,
२८ जानेवारी

ती. अक्कास,

केदारचा शरणार्थ. पत्र पोचलं. बिभीषणने ते देताना माझ्याकडे असं पाहिलं की त्याने वाचलंय की काय अशी शंका आली.

अक्का, या वेळी नक्की. तिकिटं काढली, रजा मंजूर झाली. घाई होतेय, मला कळतं, पण यंदा बर्फच उशिरा पडला आणि तो किती टिकेल याचा भरवसा नाही. डेहराडूनपर्यंत विमान, पुढे गाडीने जोशीमठ, तिथून जीपने औली. चार दिवस स्कीइंग, मग परत. कावेरीला मी परवाच व्हिडिओ पाठवलाय, तेव्हा तुझं न सांगणं फुकट गेलं. रागावू नकोस.

तू समजतेस तसं ते नुसतं घसरणं नाही. माझे दोन कोर्स झालेत. मी आता अगदी शिकाऊ नाही आणि उस्तादही नाही, मधल्या पायरीवर आहे. मला वरचा उतार लागतो. कावेरी पहिल्यांदाच पाय ठेवणार, म्हणून तिच्यासाठी खालच्या सोप्या उतारावर चांगला ट्रेनर ठरवलाय. बूट, फळ्या, जाकीट तिथे भाड्याने मिळतं. तू फक्त लोकरीचे मोजे, हातमोजे आणि आतून घालायचे गरम कपडे दे. जीन्स देऊ नकोस, भिजली की अंगाला चिकटते. आणि कृपा करून शेंगदाण्याच्या लाडवांचा मोठा डबा नको.

दाजींना नमस्कार. रागातसुद्धा तुझी माया पोचते, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
केदार

*

॥ श्री मन्मथ स्वामी प्रसन्न ॥

चौसाळा,
३० जानेवारी

चि. केदारनाथ यास,

आशीर्वाद. लाडू बांधून झाले. डबा मोठाच हाय.

तुझं नियोजन दोनदा वाचलं. तू वरच्या उतारावर, पोर खालच्या उतारावर. ती दिवसभर परक्या माणसाजवळ, तू दिवसभर तुझ्या फळ्यांजवळ. मग तिला न्यायची कशापायी? खालीच ठेवायची असंल तर चौसाळा काय वाईट हाय? मधल्या पायरीवर हाय म्हणे! बाप म्हणून तू अजून पहिल्या पायरीवर न्हाईस, ते आधी शिक. तिथं ट्रेनर मिळाला तर बघ.

आता माझी फजिती ऐक. गल्लीत विचारायला लागले, पोरगी कुठं चालली. घसरायला चालली असं कोणत्या तोंडानं सांगू? आपल्या लोकांत हिमालयात जायचं म्हणजे केदारनाथाला, दुसरं काय असतं? मी तसं ठोकून दिलं. तर कौशल्याबाईंनी बेलाची माळ आणली, सारजाबाईंनी तुपाची बरणी आणली, मठातल्या महाराजांनी भस्म दिलं अन् पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तिथंच ते म्हणाले, हिवाळ्यात केदारनाथाचं दार बंद असतं, देव उखीमठात बसतो. अख्ख्या गल्लीसमोर! जन्मभर शंकराला पाणी घातलं अन् मला हे ठाऊक न्हाई.

तवा आता असं कर. येताना उखीमठाला जायचं, माळ, तूप तिथं द्यायचं. तुझा घसरायचा एक दिवस गेला तर जाऊ दे. मी खोटं बोलले ते तुझ्यापायी, त्याचं खरं तूच कर.

पोर लई खूश हाय. दिवसातून दहादा हातमोजे घालून बघती. या वेळी तिचं तोंड उतरलं तर माझ्या दारात पाऊल ठेवू नको.

बाकी क्षेम. माया हाय म्हणून एवढं लिहिते, न्हाईतर कागद वाया घालवायची मला सवय न्हाई.

अक्का

*

पुणे,
१२ फेब्रुवारी

प्रिय आत्यास,

कावेरीचा नमस्कार. आम्ही काल पोचलो. पप्पा मला रविवारी सोडायला येणार आहेत, पण तुझ्यासमोर तोंडानं सांगता येणार नाही असं थोडं आहे, म्हणून बिभीषणकाकांकडे पत्र देते.

तू म्हणालीस तसंच झालं. पहिल्या दिवशी पप्पांनी मला ट्रेनरकडे सोपवलं आणि वर गेले. जेवायला येतो म्हणाले, आलेच नाहीत. मी एकटीनं मॅगी खाल्ली. बूट इतके घट्ट होते की घोटे सुजले. संध्याकाळी आले ते गाल लाल, तोंडभर हसू. मला म्हणाले, कसा आहे बर्फ. मी म्हटलं, बर्फासाठी आलेच नव्हते, तुम्ही बोलावलं म्हणून आले.

दुसऱ्या दिवसापासून ते वर गेलेच नाहीत. लहान पोरांच्या उतारावर माझ्याबरोबर राहिले. मला दाखवायला म्हणून फार ऐटीत वळले आणि एका पोराच्या आजोबांना घेऊन पडले! आजोबांनी हिंदीतून काय काय सुनावलं, तू असतीस तर खूश झाली असतीस. मम्मी गेल्यावर पप्पांना एवढं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

उखीमठाला तूप आणि माळ दिली. पार वाळली होती, पण पुजाऱ्यांनी घेतली. तिथं पायरीवर बसल्यावर पप्पा म्हणाले, तुझ्या चेहऱ्यात तुझी मम्मी दिसते, म्हणून चौसाळ्याला यायचं धाडस व्हायचं नाही. मी म्हटलं, मला तर ती रोज आरशात दिसते. मग ते रडले. मीपण.

जूनपासून पुण्यालाच राहायला ये म्हणाले. मी नाही म्हणून सांगितलं. पुण्याचं पाणी मला मानवत नाही, दुकानात मामांना मोबाईलवर बिलं करता येत नाहीत, आणि दहावीच्या वर्षी शाळा कशाला बदलायची. तू काळजी करू नकोस. मी इथंच, म्हणजे तिथंच राहणार आहे.

लाडू औलीत सगळ्यात आधी संपले. अशीच रागावत जा.

तुझी,
कावेरी

*

॥ श्री मन्मथ स्वामी प्रसन्न ॥

चौसाळा,
१३ फेब्रुवारी

चि. केदारनाथ यास,

आशीर्वाद. हे पत्र पोरीच्या हाती पडू देऊ नको.

पुण्याचं पाणी मानवत न्हाई म्हणे! औलीचं बर्फाचं पाणी मानवलं, अन् पुण्याचं नळाचं मानवत न्हाई. अन् दाजींची बिलं करायला ती जन्मभर बसणार हाय का? केदार, पोर खोटं बोलती अन् ते माझ्यासाठी बोलती. या घरात दुसरं लेकरू न्हाई, आत्या एकटी पडंल, असं तिच्या मनात हाय. वाचून मला लई राग आला. तू चाळिशीतला बाप्या, पोरीच्या तोंडाकडं बघायला भ्यालास अन् तीन वर्षं लपलास. ती पंधरा वर्षांची, माझं ओझं डोक्यावर घेऊन उभी हाय. लाज वाटू दे जरा.

मला कुणाची दया नको. नववीची परीक्षा झाली की तिला ने. मी आजच शाळेत जाऊन हेडमास्तरांना सांगून आले, दाखला तयार ठेवा म्हणून. रविवारी येशील तवा लगेच परत पळू नको, चार दिवस राहा, तिला नीट समजाव. ती ऐकणार न्हाई. मी तिला म्हणीन, मला तुझी अडचण होतीया, तुझी खोली मला मोकळी पाहिजे. चिडंल, रुसंल, पण जाईल. तू मात्र मला खोटी पाडू नको.

ती गेल्यावर हे घर मला खायला उठंल. ते तिला सांगायचं न्हाई. सांगितलंस तर माझं तोंड बघू नको.

तुझी अक्का,
शांतादेवी